साठीची कॅसेट

आमच्या दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचा यंदा सिनेमा विशेषांक आहे. संपादकबाईंचा फोन आला, ‘भाऊ, तुम्ही इतकी वर्षं व्हिडिओ लायब्ररी चालवलीत. कोणत्या दशकातले सिनेमे सगळ्यात भारी, त्यावर लिहा. हलकंफुलकं लिहा.’ मी हो म्हणून टाकलं. मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना आजार. मग चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलो. हलकंफुलकं काही येईना. आलं ते हे. आवडलं नाही तर छापू नका, मी रागावणार नाही. नववीत दोनदा आपटून शाळा सोडलेल्या माणसाचं लिखाण कोणी मागितलं, हेच खूप झालं.

मी मूळचा खटावकडचा. शाळा सुटल्यावर गावोगाव फिरणाऱ्या तंबूतल्या टॉकीजमध्ये तिकिटं फाडायचो. तंबू बंद पडला तेव्हा चुलतभाऊ फौजेत दिल्ली कँटोन्मेंटला होता, त्याच्याकडे आलो. एकोणीस वर्षांचा होतो. हिंदी फक्त सिनेमातली. ती बाजारात बोलायला गेलो की लोक हसायचे, कारण मी भाजीवाल्यालाही हिरोसारखा बोलायचो.

कँटोन्मेंटच्या गणपतीत वर्तककाका भेटले. काका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, मयूर विहारला सोसायटीच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे. काकू आदल्याच वर्षी गेल्या होत्या, मुलगी पुण्यात. मी तंबूत काम केलंय म्हटल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि तासभर नुसतं सिनेमाबद्दल विचारलं. रिळं बदलताना लोक काय करायचे, पडदा कशाचा असायचा, पाऊस आला तर काय. आठ दिवसांनी ते मला स्वतः बसने घेऊन गेले त्यांच्या घराजवळच्या मार्केटात. तिथे बलदेव पाजींची व्हिडिओ लायब्ररी होती. काका म्हणाले, ‘पाजी, यह लडका मेरी जिम्मेदारी।’ पाजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, ‘स्पिरिट पीता तो नहीं?’

तो विनोद होता हे मला नंतर कळलं. कॅसेट लावायच्या यंत्रात एक छोटी फिरती चकती असते, तिला हेड म्हणायचं. त्यावर मळ बसला की चित्रात मुंग्या येतात. मग स्पिरिटमध्ये कागद बुडवून ती हळू पुसायची. उभी पुसली तर यंत्र मेलं, आडवीच पुसायची. हे माझं पहिलं शिक्षण. दुसरं शिक्षण इंग्रजी अक्षरांचं, कारण निम्म्या कॅसेटींवर नावं इंग्रजीत. ते काकांनी दिलं. रोज संध्याकाळी पाचला यायचे, एक कॅसेट उचलून विचारायचे, ‘तानाजी, वाच.’ मी चुकलो की ‘चलो, परत.’ शाळेत मी कधी इतक्यांदा चुकलो नव्हतो आणि कधी इतका कमी घाबरलो नव्हतो.

ते दिवस असे होते की यमुनेपार रोज एक नवी सोसायटी उभी राहायची. लोक नव्या फ्लॅटमध्ये सामान लावायच्या आधी आमच्याकडे येऊन नाव नोंदवायचे. केबल नुकती आली होती. सगळे म्हणायचे लायब्ररी बसणार, पण केबलवाला दाखवील तेच बघायचं, हे लोकांना तेव्हा पटत नव्हतं. एक बंगाली मॅडम यायच्या, त्यांना रडायचा सिनेमा लागायचा, पण ‘पहिल्या भागात नको, पाहुणे असतात, रडणं दुसऱ्या भागात हवं.’ मी तसे निवडून ठेवायचो. एक साहेब कॅसेट नेहमी उलटी न फिरवता परत करायचे. सांगितलं तर म्हणायचे, ‘शेवट आधी बघणाऱ्याची सोय होते.’

आणि सुभेदार. माझ्या भावाच्या युनिटमधले, सांगलीकडचे, मिशा कानापर्यंत. जवानांसाठी रविवारी चार कॅसेटी न्यायचे. त्यांचा एकच प्रश्न, ‘हिरो शेवटी मरत नाही ना?’ मी म्हणायचो, मरत नाही. ‘लिहून दे.’

पाचच्या सुमाराला सुभेदार आणि वर्तककाका एकत्र आले की दुकानात काम बंद. काकांचं ठरलेलं मत, सिनेमा म्हणजे साठीच्या दशकातला. त्याआधी तो बाळ होता आणि त्यानंतर म्हातारा. सुभेदार सत्तरीच्या दशकाच्या बाजूचे.

‘काका, तुमच्या साठीतला हिरो तीन तास झाडामागनं फिरतोय. आमच्या पोरांना झाडं दिवसभर पहाऱ्यावर दिसतात. त्यांना मारामारी पायजे.’

‘सुभेदार, मारामारी तुम्हाला रोजची. मग तुम्हीच तीन तास झाडं बघा की! गाण्यातला एक अंतरा समजायला आयुष्य लागतं, यार.’

‘आयुष्य नाय आमच्याकडं. रविवारची रजा आहे.’

पाजी गल्ल्यावरून ओरडायचे, ‘ओये, दोनों दशक ले जाओ, दुकान खाली करो।’

मला कोणी विचारत नसे, आणि मी बोलतही नसे. खरं सांगायचं तर मला काकांचं पटायचं. पण त्यातलं किती सिनेमामुळे आणि किती काकांमुळे, ते मला आजही सांगता यायचं नाही.

पाच वर्षांत हे भांडण इतकं गाजलं की मंडळाने गणेशोत्सवात तोच कार्यक्रम ठेवला. रविवारी दुपारी चार वाजता, सोसायटीच्या हॉलमध्ये, ‘सिनेमाचं दशक कोणतं?’ एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला सुभेदार. प्रत्येकाने बोलायचं आणि मध्ये मध्ये टीव्हीवर गाणी, प्रसंग दाखवायचे. ते सगळं प्रत्येकाला एकेका कॅसेटवर जमवून द्यायचं काम माझं.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. कॅसेटच्या पाठीच्या कडेला प्लास्टिकची नखाएवढी पट्टी असते. ती तोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही, यंत्र तिला बाहेर ढकलतं. ज्याला आपलं भरलेलं जपून ठेवायचंय तो ती पट्टी मोडतो. पण मोडलेल्या खाचेवर चिकटपट्टी लावली की यंत्र फसतं आणि जुन्यावर नवं भरू लागतं. आम्ही जुन्या सिनेमांच्या कॅसेटी अशाच पुन्हा वापरायचो. मात्र पाजींचा नियम होता, ‘पहले पूरी देख, फिर दबा।’ पूर्ण म्हणजे पूर्ण. पुढे पळवत का होईना, पण शेवटपर्यंत बघायची, मगच लाल बटण दाबायचं.

शुक्रवारी काका पिशवी ठेवून गेले. त्यात त्यांनी टीव्हीवरून भरून घेतलेल्या तीन कॅसेटी होत्या आणि चौथी, जिच्या लेबलावर त्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ‘साठी’. जाताना म्हणाले, ‘साठी लिहिलेली आहे बघ, तिच्यावर घे सगळं. नवी आणलीय.’

मी ती हातात घेतली. नवी वाटत नव्हती. पाठीची पट्टी मोडलेली होती. मी लावून पाहिली, मिनिटभर नुसत्या मुंग्या. मनात म्हटलं, काका काटकसरी, कुठलीतरी पुसलेली कॅसेट स्वस्तात आणली असेल आणि नवी म्हणाले असतील. दोन यंत्रं जोडून भरायला जेवढ्यास तेवढा वेळ लागतो, पन्नास मिनिटांच्या गाण्यांना पन्नास मिनिटं, आणि सुभेदारांचंही व्हायचं होतं, आणि गिऱ्हाईक दारात. मी चिकटपट्टी लावली आणि लाल बटण दाबलं.

रविवारी हॉल भरला होता. सुभेदार युनिटमधून पंधरा जवान घेऊन आले होते, ते दर वाक्याला शिट्ट्या मारत होते. काकांनी जॅकेट घातलं होतं. ते उभे राहिले आणि म्हणाले, ‘सुभेदारांकडे फौज आहे, माझ्याकडे फक्त गाणी आहेत,’ आणि हॉल त्यांचा झाला. मी टीव्हीजवळ स्टुलावर. काकांनी मान हलवली की गाणं लावायचं, हात वर केला की थांबवायचं. मला वाटलं, मी आयुष्यात एकदा तरी काकांच्या उपयोगी पडलो.

शेवटचं गाणं संपलं, टाळ्या पडल्या. मीही वाजवत होतो, म्हणून बटण दाबायला उशीर झाला. पडद्यावर मुंग्या आल्या, चित्र थरथरलं आणि एक फ्लॅट दिसला. झेंडूच्या माळा. खुर्चीवर शाल पांघरलेले वर्तककाका, सात वर्षांनी तरुण. हातात ताटं घेतलेले लोक. लोकांना वाटलं, काकांनी काही गंमत ठेवलीय. सगळे हसले.

अंजिरी साडी नेसलेल्या एक बाई पाठमोऱ्या वाढत होत्या. त्या वळल्या, कॅमेऱ्याकडे बघून त्यांनी हात आडवा धरला आणि शूटिंगवाल्याला म्हणाल्या, ‘भैया, बस करो अब। खाना खा लो।’ मग पुन्हा पाहुण्यांचे हात, पानं, एक मूल रडतंय, आणि कॅसेट संपली.

काका उभेच होते. त्यांचा हात अजून वर होता, थांबव म्हणून केलेला. ते माझ्याजवळ आले आणि अगदी हळू विचारलं, ‘आधीचं कुठंय?’

मला शब्द कळला तो तेव्हा. साठी म्हणजे दशक नव्हतं. साठी म्हणजे काकांची साठी, साठ वर्षं पूर्ण झाली तेव्हा घरात केलेली शांत. काकू त्यानंतर वर्षभरात गेल्या. त्यांचं चालतंबोलतं चित्र तेवढंच होतं. काकांनी नव्या कॅसेटवरही ‘साठी’ लिहिलं होतं, कपाटातल्या कॅसेटवरही ‘साठी’, आणि पिशवी भरताना कपाटातली उचलली गेली. नवी त्यांच्या टीव्हीवर तशीच पडून होती.

काका एकदाही मला बोलले नाहीत. उलट सगळ्यांना सांगत राहिले, ‘पिशवी मीच भरली.’ पण पट्टी मोडलेली होती. ती मोडणाऱ्याने सांगितलं होतं, हात लावू नका. ते मी पाहिलं आणि वर चिकटपट्टी लावली. इंग्रजी शिकलो होतो, मराठी येत होतं, आणि हे वाचता आलं नाही.

मी पाजींना सांगितलं. ते मारतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, ‘पूरी नहीं देखी?’ मी मान हलवली. त्यांनी पगडी काढून गल्ल्यावर ठेवली आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. ती कॅसेट घेऊन मी शहरातल्या तीन मेकॅनिकांकडे गेलो. तिघांनी एकच सांगितलं, वरून भरलं की खालचं उरत नाही. मग शूटिंगवाला शोधला. लक्ष्मीनगरात सापडला. त्याने मूळ कॅसेट ठेवली असेल, ही शेवटची आशा. तो म्हणाला, ‘भाई, मास्टर टेप महंगी आती है। छह महीने में अगली शादी उसी पे।’ म्हणजे तोही आमच्यासारखाच. काकूंच्या वर कुणाचं तरी लग्न भरलेलं होतं.

काका दुकानात येत राहिले, पण बोलायचे थांबले. सुभेदार मुद्दाम डिवचायचे, ‘काका, साठीत काही नव्हतं बरं का.’ काका म्हणायचे, ‘अच्छा.’ एवढंच. सुभेदारांनी एकदा मला बाहेर नेऊन शिवी दिली आणि डोळे पुसले.

एक दिवस काका आपणहून म्हणाले, ‘तानाजी, शांतीच्या दिवशी हिला बायकांनी उखाणा घ्यायला लावला होता. तो त्यात होता. लोक खूप हसले होते, एवढं मला आठवतं. शब्द आठवत नाहीत. मला वाटायचं, आठवायची गरज काय, कपाटात आहेच.’ मग म्हणाले, ‘आयुष्यभर दिल्लीत राहून घरात मराठीच बोलली. आणि उरलं काय, खाना खा लो.’

मी ठरवलं, तो उखाणा आणायचा. ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी, उखाणा म्हणजे नवऱ्याचं नाव गुंफून म्हणायच्या दोन जुळत्या ओळी. शांतीला कोण कोण होतं याची यादी मी काकांच्या नकळत त्यांच्या शेजारणीकडून घेतली. दर मंगळवारी दुकान बंद असे. मी मंगळवारी हिंडायला लागलो. गुडगावला एक बाई नव्या टॉवरमध्ये राहायला गेल्या होत्या, चौदाव्या मजल्यावर. खाली नुसती उकरलेली माती आणि क्रेन. त्यांनी चहा दिला, खूप वेळ डोळे मिटून बसल्या आणि म्हणाल्या, ‘यमुना होतं त्यात. यमुनेपल्याड असं काहीतरी.’ नोएडाला काकांच्या ऑफिसातले एक निवृत्त गृहस्थ. ते म्हणाले, ‘दार होतं. त्यांच्या फ्लॅटचं दार निळं होतं ना, त्यावरून.’ तिसऱ्या एक आजी, सरोजिनीनगरच्या क्वार्टरमध्ये मुलाकडे राहणाऱ्या. त्या ठामपणे म्हणाल्या, ‘हार! शेवटी हार होतं. मला पक्कं आठवतं, मीच घ्यायला लावला होता तिला.’ बाकी सात-आठ जणांना हसू आठवत होतं, शब्द नाही. एकाने तर त्या दिवशीच्या मठ्ठ्याचं कौतुक केलं आणि मला परत पाठवलं.

चार महिने झाले. माझ्याकडे तीन शब्द. एका मंगळवारी मी ते समोर ठेवून बसलो आणि जुळवलं. देवाशपथ, फसवायचं म्हणून नव्हे. मला वाटलं, तीन माणसांनी सांगितलेलं आहे, म्हणजे असंच असणार. आणि मला काकांना काहीतरी परत द्यायचं होतं, काहीही. कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं,

यमुनेपल्याड घर, घराला निळं दार,
श्रीधररावांच्या गळ्यात साठीचा हार.

पाचला काका आले. मी कागद दिला. ‘सापडला,’ म्हणालो.

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचे ओठ हलत होते. मग इतक्या महिन्यांनी प्रथमच ते हसले.

‘हा तिचा नव्हे, तानाजी.’

‘काका, तीन जणांनी सांगितलं. यमुना होती, दार होतं, हार होता.’

‘असतीलही. पण हे जुळतंय. तिला यमक कधी जमलंच नाही रे. दार म्हणाली की पुढे खिडकी म्हणायची. लोक हसले ते त्यालाच.’

त्यांनीच माझ्या खांद्यावर थोपटलं. ‘हिंडलास बरंच. गुडगावला पण गेलास? बिल्कुल वेडा आहेस.’ कागद घडी घालून त्यांनी खिशात ठेवला. मला वाटलं, निदान एवढं बरं झालं. ते हसले तरी.

त्यानंतर वर्षभरात सगळंच मोडत गेलं. कॅसेटींच्या जागी सीडीच्या चकत्या आल्या, केबलवर दिवसभर सिनेमे आले, नोएडात चकाचक थिएटरं उघडली आणि आमच्या मार्केटात भिंतभर कॅसेटी धूळ खात उभ्या राहिल्या. पाजींनी निम्म्या दुकानात फोनचं बूथ टाकलं. सुभेदार निवृत्त होऊन गावी गेले. जाताना माझ्याकडून एक सत्तरीतली कॅसेट घेऊन गेले, हिरो मरत नाही असं लिहून घेऊन.

काकांची मुलगी त्यांना पुण्याला न्यायला आली. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ते दुकानात आले. कॅसेटींकडे बघत उभे राहिले. मी स्टूल दिलं, बसले नाहीत. मी पाया पडलो. माझ्या मनात इतके दिवस जे साठलं होतं ते बोलून टाकावं असं वाटलं, आणि मी म्हणालो, ‘काका, मला माफ करा.’

‘कॅसेटचं म्हणतोस? ते तेव्हाच केलं.’ ‘तुझ्या त्या उखाण्याची मात्र पंचाईत झालीय.’

‘का काका?’

‘रोज रात्री आठवायचा प्रयत्न करतो. आधी निदान नुसतं हसू ऐकू यायचं. ती काय म्हणाली ते नाही, पण हसू यायचं.’ त्यांनी चष्मा काढून पुसला. आडवा, हळू. ‘आता ती अंजिरी साडीत उभी राहते, आणि स्वच्छ म्हणते, निळं दार, साठीचा हार. छान म्हणते. आणि कोणी हसत नाही.’